झिऱ्याचा पहिला घोट

प्रिय बा,

हासू नको, पत्र लिवून राह्यली. बाल्याच्या वहीतले मधले दोन पानं हळूच काढले. पाचवीतून शाळा सोडली तवापासून हातात पेन धरली नाई, म्हनून अक्षर वाकडं येते. तुले तर वाचताच येत नव्हतं. पन तिकडं गेल्यावर मानसाले वाचता येत असन, असं मी धरून चालली.

आपला डोंगा काठावर पालथा घातला आहे, त्याच्या सावलीत बसली. माय शेनखताच्या टोपल्या आनाले गेली. बाल्या शाळेत आहे. तुले सांगाचं ते कोनासमोर सांगता येत नाई, म्हनून कोनी नाई तोवर लिवून टाकते.

आजच काऊन? उद्या वाळूची वाटनी आहे, बा.

दिवाळी झाली, नदी उतरली, बेट उघडं पडलं. काल पैकुभाऊ तुही काठी मागाले आला. तेच, खाचा पाडलेली, जिच्यानं तू दरवर्सी वाळूत सगळ्याइच्या टरबुजाच्या डांगरवाड्या मोजून दे. मायनं कोपऱ्यातून काठी काढली, पदरानं पुसली, मंग देली. पैकुभाऊनं ती उभी धरून पाह्यली आन म्हनला, "वहिनी, भाऊची काठी माह्यापरस उंच आहे. मले तर वाकून मोजता येनार नाई, उडी मारून मोजा लागन." माय हासली. तू गेल्यापासून पह्यल्यांदा हासली.

मंग तो माह्याकडं फिरला. "आन यंदा झिऱ्याचा पहिला घोट मुकीच्या हातून. बापाच्या जागी पोरगी. रीत मोडाची नाई."

माय म्हने, "देईन ना. काऊन नाई देनार?"

मी मान हालवली. मले मान हालवताच येते ना.

बा, ज्या जागी तुहा झिरा होता, त्याच जागी उद्या वाळू खनतीन. पानी येईन. मी ते तांब्यात भरीन आन लहान लेकरापासून एकएकाच्या वंजळीत ओतीन. पह्यले पैकुभाऊची नात, मंग आपला बाल्या, मंग माय. सगळे पेतीन आन म्हनतीन, यंदाचं वर्स गोड आहे.

मी कसं पाजू त्याइले ते पानी?

तुले मालूम नाई मी काय केलं ते. सांगते. पन एकदम सांगाले जीभ उचलत नाई. थांब जरा.

आज्याची गोष्ट तू किती डाव सांगतली! आज्याच्या वक्ताले बेट एवढं मोठं होतं का या टोकावरून हाक मारली तर त्या टोकाले ऐकू न ये. मधात झाऊचं रान, त्यात ससे. दर पुराले नदी मळी आनून टाके, लोन्यावानी. खत टाकाचं कामच नव्हतं. डांगर फोडलं का आतून रक्तावानी लाल. आंध्रातले लोकं डोंग्यातून येत आन डोंगाभर नेत.

आता बाल्या त्या टोकाले खोकलला तरी इथी ऐकू येते.

मी लहान होती तवा तू मले खांद्यावर घेऊन बेटाच्या नाकावर नेलं होतं, जिथी दोनी नद्या मिळते. तू म्हनला, "पाय, इकडून वैनगंगा आली, ते गोरी. तिकडून वर्धा आली, ते सावळी. ते काळ्या मातीतून चालत येते म्हनून सावळी. दोघी बहिनी. मिळते, पन एकमेकीत लवकर मिसळत नाई. दोन पदराची वेनी घातल्यावानी कुठवर तरी जाते." मी टक लावून पाह्यलं. खरंच दोन रंग होते. तवा मले वाटलं, जगात येवढं चांगलं दुसरं काई नसन.

आन तेच गोष्ट आपल्याले घेऊन बुडाली, बा. सावळी आहे, सावळी आहे, म्हनत राह्यलो आपुन. सावळीची काळी कवा झाली ते कोनालेच समजलं नाई. पानी चाहाच्या रंगाचं झालं, तरी आपुन म्हनलो, वरती पाऊस झाला असन. फेस आला, तरी आपुन म्हनलो, वरती धार पडत असन. बाल्यानं त्या फेसाची दाढी लावली होती, आठवते? "मी साधू झालो, दक्षिना टाका!" तू खिशातून बिडी काढून त्याच्या हातावर ठेवली. रातभर हनुवटी खाजवत होता पोट्टा. मायनं खोबरेल लावलं.

आन त्या मेलेल्या मासोळ्या! सकाळी उठून पाह्यलं तर काठाभर पांढरे पोट. मरळ, वाम, बोटाएवढे झिंगे, सगळ्या एका रांगेत. तू हासून म्हनला, "आज नदी सोता वाढून राह्यली, जाळं टाकाचं कामच नाई!" सगळे टोपल्या घेऊन धावले. मीबी धावली. वाळवून ठेवल्या, पावसाळाभर खाल्ल्या. दुसऱ्या वर्सी जाळं टाकलं तर काईच नाई. तिसऱ्या वर्सीबी नाई. तू जाळं झटकून पाहे, जसं काई मासोळ्या सूतात लपून बसल्या.

कोन म्हने कारखान्याचं पानी आहे, कोन म्हने खदानीचं. कोनत्या, ते आपल्याले काय मालूम? पानी येतानी नाव सांगत नाई.

पन तू उगा बसला नाई, हेबी लिवते. काचेच्या शिशीत ते काळं पानी भरलं, धोतर धुतलं, आन मले संग घेऊन कचेरीत गेला. मी तुह्या मांगं उभी. तिथल्या बाबूनं शिशी पाह्यली, नाक मुरडलं. "बेट कोणत्या गावाचं?" तू सांगतलं. तो म्हनला, "तो भाग पलीकडच्या जिल्ह्यात येत असेल." आपुन पलीकडं गेलो. तिथं म्हनले, "अलीकडं जा." मंग म्हनले, "सातबारा आणा." तू हात जोडून म्हनला, "साहेब, वाळूचा सातबारा कुठी राह्यते? ते तर दरवर्सी वाहून जाते आन दरवर्सी येते." सगळे हासले. तूबी हासला.

जिल्हा फुटला तवा तू मस्करी करे, "आपला डोंगा भारी! एका फेरीत चांदा, गडचिरोली, आन जरा हात जोरानं मारला तर आंध्र!" तीन काठ होते आपल्याले. त्यातला एकबी आपला निघाला नाई.

परत येतानी तू ते शिशी नदीत उलटी केली. म्हनला, "नदी खराब झाली तर होऊ दे, मुकी. वाळू खराब होत नाई. वाळू गाळून देते. झिरा हाये तोवर आपुन हाये."

हे तू खरं मानून चालला. मीबी मानलं. झिरा कसा काढाचा ते तूच शिकवलं ना मले? हातभर वाळू काढाची. पह्यलं पानी गढूळ, फेकून देयाचं. दुसरंबी फेकाचं. तिसरं येते ते आरशावानी. वंजळ भरून तोंडाजवळ आनलं का आपलेच डोळे दिसते.

मांगच्या उन्हाळ्यात मले डोळे दिसले. पन वास आला.

आता लिवते, बा. लिवूनच टाकते.

वैनगंगा तवा सुताएवढी झाली होती. वरती धरन झालं म्हनते, पानी तिथीच अडते. गोरी बहीन वाळून गेली आन सावळीनं तिची जागा घेतली. सकाळी मी झिऱ्यावर जाऊ तवा आपल्या बाजूच्या वाळूवर फेसाची वाळलेली रेघ दिसे. रोज एक वीत पुढं. तू वाडीत वेलाइले माती लावत बसे, तू तिकडं येतच नव्हता. झिऱ्याचं काम माहं होतं. ते रेघ मी एकटीच पाहू.

माय बाल्याले घेऊन मामाकडं लगनाले गेलती. बेटावर मांडवात आपुन दोघंच. झिऱ्यातलं पानी दिसाले साफ. पन नाकाजवळ नेलं का सडलेल्या तागावानी वास. जिभेले ठेवलं का तुरट, मंग कडू. मी पह्यलं फेकलं, दुसरं फेकलं, तिसरं फेकलं, सातवंबी फेकलं. वास गेला नाई.

त्या दिवशी मी तुले सांगाले आली होती. खरंच आली होती, बा! पान्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेऊन आली. तू आन पैकुभाऊ मांडवात बसून बिडी पेत होते, वाडीवरचे दोघंतिघंबी होते. मी म्हनलं, "बा, पानी..."

तू हात वर करून सगळ्याइले चूप केलं. "अरे थांबा रे! माही मुकी बोलून राह्यली! बोल, बोल, काय झालं पान्याले?"

पैकुभाऊ म्हनला, "लिवून ठेवा रे कोनी, सालातून एकदा बोलते!"

सगळे हासले. तू सगळ्यात मोठ्यानं. लाडानं हासला, मले मालूम आहे. पन माह्या कानाचे पाळे गरम झाले. शाळेत असंच झालं होतं. गुरुजीनं उभं केलं, मले उत्तर येत होतं, पन तोंड उघडलं तर मांगून कोनी म्हनलं, "धिवराची पोट्टी, तोंडात मासोळी!" तवापासून तोंड उघडलं का मले तेच ऐकू येते.

मी म्हनलं, "पानी गार आहे."

तू गुंडातून तांब्याभर काढलं, गटागटा पेला. "वा! मुकी म्हनते ते खरं. गार आहे." पैकुभाऊलेबी देलं. तो घोटभर पेऊन उठला, त्याले गावात लगनाच्या जेवनाले जाचं होतं. तू उनातून आला होता, तू दोन तांबे पेला.

आन मी?

मी ते पानी पेत नव्हती, बा. तीन दिवसापासून नव्हती पेत. तहान लागली का वाडीतली काकडी तोडून खाऊ. तुले भरून दे आन सोता काकडी खाऊ. हे कोनालेच मालूम नाई. मले वाटे, तुलेबी वास येतच असन, तू मोठा मानूस आहे, तुले नदीचं सगळं समजते. तुले येत असूनबी तू पेते म्हंजे काई होत नसन. मी असं धरलं. खरंच असं धरलं का बोलाले लागू नये म्हनून धरलं, हे आता माहं मलेच समजत नाई.

बिडीनं तुहं नाक गेलं होतं ना, बा? तुले वासच येत नव्हता ना? मले एकदा तरी सांगतलं असतं का तुले वास येत नाई!

दुसऱ्या दिवशी तुले हगवन लागली. उलट्या झाल्या. तू म्हनला, ऊन लागलं. मी कांदा ठेचून तुह्या तळपायाले लावला. आन तू पानी मांगे. दर घडीले पानी मांगे. मी देत राह्यली. तेच पानी. हापसी काठाच्या वरती गावात, अर्ध्या कोसावर. तुले एकटा सोडून मी कशी जाऊ? असं म्हनून नाई गेली. जाऊ शकली असती. पळत गेली असती तर येऊ शकली असती.

तिसऱ्या दिवशी पैकुभाऊनं तुले डोंग्यात टाकलं, मंग बंडीत. तालुक्याच्या दवाखान्यात बाटली लावली. डॉक्टरनं विचारलं, "पाणी कोणतं पिता?"

तुह्या तोंडातून आवाज निघत नव्हता, तरी तू ऐटीत सांगतलं, "झिऱ्याचं, साहेब. आरशावानी."

डॉक्टरनं माह्याकडं पाह्यलं. "होय का ग? पाणी चांगलं आहे ना?"

मी मान हालवली.

बा, मी मान हालवली! विचारलं होतं त्याइनं मले! तिथी हासाले कोनी नव्हतं. पैकुभाऊ बाहेर बैल धरून उभा होता. तू डोळे मिटले होते. एक शबद, एकच, आन तोबी आला नाई. नाई म्हनलं असतं तर ते काई दुसरं औषध देत होते का? तू वाचत होता का? कोनाले विचारू? डॉक्टर तर म्हनले, लय उशीर झाला होता. पन तो उशीरबी माहाच ना?

सकाळी तू गेला. माय मामाच्या गावाहून आली तवा तुले नदीवर नेऊन झालं होतं. ते मले धरून रडली. मले म्हने, "तू एकटीनं केलं वं सगळं त्याचं. माही गुनाची पोर." मले वाटलं, वाळूत गाडून घ्यावं.

लोकं म्हनते तुले लू लागली. पैकुभाऊ जो भेटन त्याले सांगते, "त्याच्या आदल्या दिवशी आमी संग बसून पानी पेलो. मुकी बोलली होती त्या दिवशी, पानी गार आहे म्हने." मोठ्या मायेनं सांगते. पावसाळाभर सांगून राह्यला. आन दर खेपेले मी उठून चुलीपाशी जाते.

त्यालेबी दोन दिवस पोट लागलं होतं, मालूम आहे? तो म्हनते, लगनातलं जेवन बाधलं.

म्हनून सगळ्याइले वाटते का झिरा साफ आहे. तू पेला, मी वाखानलं, मंग काय पाह्याचं? काल मी बेटावर जाऊन आली. एकटीनं. तुह्या झिऱ्याची जागा हातानं उकरली. फेसाची रेघ आता त्याच्या पार गेली आहे. पानी आलं. आरशावानी आलं. तोच वास.

आता मले सांग, मी काय करू? बोलली तर काय होईन, मी सगळं मांडून पाह्यलं. माय विचारीन, "तुले मालूम होतं?" मी काय म्हनू? तिच्याजवळ आता मी आन बाल्या दोघंच आहो. तिनं माह्याकडं पाठ केली तर मी कोनाजवळ जाऊ? आन बेटावर झिरा नाई तर वाडी कशी? उन्हाळाभर मानसं तिथी ऱ्हाते ते झिऱ्याच्या भरोशावर. तुहं बी राखेत तसंच बांधून ठेवलं आहे. सगळे म्हनतीन, या पोट्टीनं तोंड उघडलं आन आमची वाडी गेली. मंग कुठी जाचं आमी? विटाच्या भट्टीवर? जंगलात लाकडं तोडाले? आपल्याले नदीबिगर काय येते, बा? डोंगा जमिनीवर चालत नाई.

मले उत्तर मालूम नाई. तू म्हने, "हाये ना नदी, देईन." आता ते काय देते ते पाह्यलं ना तू?

तुह्यावर रागबी येते. शाळा सोडली तवा तू मारून मुटकून काऊन नाई धाडलं मले? "ऱ्हाऊ दे, माह्यासंग वाडीत ऱ्हाईन," असं म्हनला. मले बरं वाटलं. पन मले बोलाले कोन शिकवनार होतं? तू मले मुकी म्हने, तुह्यामांगं सारं बेट मुकी म्हनाले लागलं. लाडाचं नाव होतं. मी त्याच्या आत जाऊन बसली. त्याच्यातून बाहेर याची वेळ आली तवा तू हासला, बा. थोडं थांबला असता. फक्त येवढंच म्हनला असता, "थांबा, पोरगी काय म्हनते ऐकू द्या."

ऱ्हाऊ दे. तुले बोलून मी काऊन मोकळी होऊन राह्यली? तांब्या माह्या हातात होता.

बाल्या शाळेतून येताना दिसून राह्यला. धावून राह्यला, पाटी डोक्यावर. उद्याच्या नादात आहे. सकाळी मले विचारे, "शकुताई, मले पह्यला घोट मोठा देशील ना? पैकुभाऊच्या नातीपरस मोठा?"

आता लवकर लिवते.

बा, उद्या झिरा खनला का पह्यलं पानी मी काढीन. तांब्या भरीन. सगळे गोल बसतीन, लेकरं वंजळ पुढं करतीन. मी ते पानी वाळूत ओतीन, सगळ्याइसमोर. कोनी हासो, कोनी शिव्या देओ. वास आहे म्हनून सांगीन. कवापासून आहे ते सांगीन. मी पेत नव्हती तेबी सांगीन. मायकडं पाहून सांगीन, खाली मान घालून नाई. ते मले घरात घेवो का न घेवो. उद्या पहाटेच हापसीवरून एक गुंड डोक्यावर, एक काखेत भरून आनून ठेवीन. लेकराइची वंजळ रिकामी ऱ्हानार नाई. आन कोनी वाडी केलीच, तर त्याइच्यासाठी उन्हाळाभर वाहीन. टाच फुटेस्तोवर वाहीन.

आन आवाजच निघाला नाई तर? तर तो तांब्या मी सगळ्या लेकराइच्या आंधी माह्या तोंडाले लावीन, बा, आन त्याइच्यादेखत थुंकीन. पन कोनाच्याच वंजळीत एक थेंब पडू देनार नाई. हे तुही आन, दोनी नद्याइची आन घेऊन लिवते.

हे कागद बियाच्या गाठोड्यात ठेवते, राखेत.

खाली मुकी लिवत नाई.

तुही पोरगी,
शकुन